तुमचं राहिलं होतं

"तुमचं राहिलं होतं." एवढंच म्हणून ती माणसाच्या हातात त्याचाच कचरा द्यायची. आवाज चढवायची नाही, उपदेश करायची नाही.

एकदा रामनगरच्या एका वऱ्हाडानं आमच्याकडच्या धबधब्याखाली जेवणावळ घातली आणि पत्रावळ्या, ग्लास, पाण्याच्या बाटल्या, सगळं तिथंच टाकून ते परतले. दोन झाडांच्या मधे बांधलेला फ्लेक्ससुद्धा तसाच. त्यावर नवरा-नवरीची नावं, फोटो, घराण्याचं नाव. दुसऱ्या दिवशी ही बाई तीन पोती भरून पहिल्या बसनं रामनगरला गेली आणि विचारत विचारत नवऱ्या मुलाचं घर काढलं. घरात सत्यनारायण चालला होता. तिनं पोती ओट्यावर ओळीनं ठेवली आणि म्हणाली, "तुमचं राहिलं होतं." त्यांना वाटलं आहेर आला. मुलाच्या आईनं तिला हळदीकुंकू लावलं, शिऱ्याचा द्रोण हातात दिला आणि जेवून जा म्हणाली. ती प्रसाद खाऊन परत आली. पोती पाहुणे गेल्यावर उघडली. हे मला तिनं सांगितलं नाही. त्या घरची मावशी माझी चुलत जाऊ लागते, तिनं सांगितलं, तेही अर्धं हसत आणि अर्धं चिडून.

मी गुंदच्या पुढं आत असलेल्या एका वाडीत सरकारी नर्स आहे. माहेर खानापूरकडचं, सासर रामनगर. वाडी कुणबी शेतकऱ्यांची. पावसाळ्यात भात, उरलेले दिवस रानातली कामं. माझ्या उपकेंद्राला लागून लाकूड डेपोच्या कारकुनासाठी बांधलेलं एक घर होतं. डेपो बंद झाल्यापासून ते रिकामं पडलेलं. त्यात ती राहायला आली आणि सहा वर्षं राहिली.

ती देशाकडून दोनदा धावली होती, लांब पल्ल्याच्या शर्यतीत. हे कळायला मला आठ महिने लागले. तिनं परसात काकडी आणि भेंडी लावली होती आणि माकडं येऊ नयेत म्हणून एक बुजगावणं उभं केलं होतं. त्याच्या अंगातला निळा कोट चांगल्या कापडाचा दिसला म्हणून मी जवळ जाऊन पाहिलं, तर छातीवर देशाचं नाव शिवलेलं.

"हा कोणाचा गं कोट?"

"माझा."

"म्हणजे तू..."

"कधीतरी. आता त्याला होतो." तिनं बुजगावण्याकडं मान केली.

माकडांना त्या कोटाचं काही वाटत नव्हतं. ती त्याच्या खांद्यावर बसून भेंड्या खायची.

त्याआधी मला संशय एकदाच आला होता. ती पायात काटा मोडला म्हणून आली, तेव्हा सवयीनं मी नाडी धरली. मिनिटाला चव्वेचाळीस भरली. माझं घड्याळ बंद पडलं असं समजून मी ते कानाला लावून बघितलं. ती म्हणाली, "घड्याळ बरोबर आहे, सिस्टर." स्वतःच्या गळ्यात ती काळ्या दोरीला बांधलेलं स्टॉपवॉच घालायची, इथल्या बायका मंगळसूत्र घालतात तसं, आंघोळीलाच काय ते काढत असेल. भात शिजायला किती वेळ लागला, बस किती उशिरा आली, सगळं ती मोजायची. एकदा मी वरिष्ठांबद्दल तिच्याजवळ मन मोकळं केलं. माझं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "नऊ मिनिटं. गेल्या खेपेला चौदा लागली होती. राग कमी होतोय."

पहाटे उजाडायच्या सुमाराला ती निघायची. पाठीला सिमेंटच्या पोत्याचीच शिवलेली पिशवी. पळता पळता वाकायची, उचलायची, पिशवीत टाकायची, पण वेग मोडायचा नाही. वाडीतल्या बायका आधी तिला बघून पदर तोंडाला लावायच्या. "त्या बाईच्या मागं काय वाघ लागलाय काय?" मी एकदा तिला विचारलं, बेळगावात मैदानं आहेत, रस्ते आहेत, इथं दगडगोट्यांत पळायला का आलीस? म्हणाली, "डांबरावर आपलेच पाय ऐकू येतात. इथं दुसऱ्याचेपण येतात."

"कोणाचे?"

"गव्याचे."

ती विनोद करायची तेव्हासुद्धा तिचा चेहरा बदलत नसे, त्यामुळे हसावं की नाही ते समजायचं नाही.

सोबत राहायला ती सोपी नव्हती हेही सांगते. तिच्याजवळ सगळ्या गोष्टींचं एकच माप होतं. गोठ्यात अंथरायला वाळका पातेरा, म्हणजे गळलेली पानं, गोळा करणाऱ्या बायकांना ती सांगायची की एका झाडाखालचा सगळा नेऊ नका, अर्धा ठेवा. बायका म्हणायच्या, "गोठ्यात काय तुजा कोट आंथरू?" एके दिवशी ती माझ्याच दारात आली. तळहातावर लशीच्या बाटलीचं बूच आणि एक फाटका हातमोजा. ओढ्यात सापडलं म्हणाली. "सिस्टर, तुमचं राहिलं होतं." मी तिच्याशी चार दिवस बोलले नाही. पाचव्या दिवशी उपकेंद्रामागं नवा खोल खड्डा खणून घेतला आणि त्यावर झाकण बसवलं. खड्डा आधीच व्हायला हवा होता, हे मला तिच्या आधीपासून माहीत होतं. राग त्याचाच आला होता.

मात्र एका बाबतीत तिचा मला फार उपयोग झाला. आमच्या तालुक्यात थंडी संपता संपता माकडतापाचे दिवस सुरू होतात. रानात माकडं मरून पडतात, त्यांच्या अंगावरचे गोचीड पातेऱ्यात उतरतात आणि पातेरा गोळा करणाऱ्या माणसांना चावतात. मेलेलं माकड कुठं पडलंय ते वेळेत कळलं तर त्या बाजूला लोकांना जाऊ द्यायचं नाही, जाणाऱ्यांना अंगाला तेल लावायला लावायचं, एवढं मी करू शकते. ही रोज वेगवेगळ्या वाटांनी पळायची. कमरेला तंबाखूवाल्यांसारखी चुन्याची डबी. मेलेलं माकड दिसलं की लांबूनच वळायची, वाटेवरच्या झाडाला चुन्याची फुली मारायची आणि येऊन मला सांगायची: "दक्षिणेची वाट, बाविसाव्या मिनिटाला, डाव्या हाताला." माझ्या चालीनं तिचं बावीस मिनिटांचं अंतर म्हणजे सव्वा तास. पण फुली तिथं असायची.

आता बुट्टीचं सांगते. ती गोष्ट घडली तिच्या चौथ्या वर्षी.

आमच्याकडं साथ आली की मारीला, म्हणजे साथीच्या देवीला, शिवेबाहेर काढतात. बांबूच्या बुट्टीत तांदूळ, हळदकुंकू, खण, बांगड्या, कंगवा, आरसा आणि दिवा ठेवायचा, ढोल वाजवत बुट्टी गावाच्या शिवेवर नेऊन ठेवायची आणि मागं न बघता परतायचं. पुढच्या गावानं ती उचलून आपल्या पलीकडच्या शिवेवर न्यायची. असं करत चार गावांतून बुट्टी काळी नदीच्या पाण्यापर्यंत जाते. पाण्यात सोडली की मारी संपली. मी नर्स आहे, मला याबद्दल कोणी मत विचारलं तर मी मत देत नाही, तेल लावून जा म्हणते.

त्या वर्षी वाडीत तिघांना ताप आला आणि वाडीच्या बुधवंतानं बुट्टी काढली. बुधवंत म्हणजे देवकार्यात आणि भांडणतंट्यात ज्याचा शब्द शेवटचा. नेमकं पुढच्या गावाला सुतक आलं. आठ दिवस कोणी बुट्टी उचलली नाही. ती तशीच शिवेवर, वाटेच्या कडेला राहिली.

आणि त्या वाटेनं ही पळत गेली.

तिनं असली बुट्टी आधी कधी बघितली नव्हती. तिला दिसलं ते असं: पॉलिथिनच्या पिशवीत तांदूळ, प्लास्टिकच्या बांगड्या, प्लास्टिकचा कंगवा, प्लास्टिकची चौकट असलेला आरसा, नायलॉनचा खण. आणि दिवा ठेवलेली स्टीलची वाटी. आपल्या लोकांना भांड्यावर नाव घालायची किती हौस असते ते सगळ्यांना माहीत आहे. लग्नात आलेल्या त्या वाटीवर टिंबाटिंबांनी बुधवंताचं अख्खं नाव कोरलेलं होतं, वडिलांच्या नावासकट.

बुधवंत अंगणात सुपारी सोलत बसला होता. बायको तांदूळ पाखडत होती, सून गोठ्यातून शेणाची पाटी घेऊन येत होती. ही घामाघूम होऊन अंगणात शिरली, बुट्टी पुढं केली आणि म्हणाली, "तुमचं राहिलं होतं."

बुधवंताच्या बायकोच्या हातातलं सूप खाली पडलं. बुधवंत उठून उभा राहिला. सुनेनं मात्र शेणाची पाटी खाली ठेवली आणि घरी आलेला माणूस काही देतो तेव्हा सुना जसा हात पुढं करतात तसा करून बुट्टी घेतली. घेतल्यावर तिला समजलं काय घेतलं ते.

तिसऱ्या दिवशी सुनेला ताप चढला.

गोचीड चावल्यापासून ताप यायला आठवडा तरी लागतो. म्हणजे बुट्टी परत आली तेव्हा ताप आधीच तिच्या अंगात होता. हे मी बुधवंताच्या अंगणात जमलेल्या सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं. पटलं कोणालाच नाही. तापाच्या चौथ्या दिवशी सकाळी सुनेचे डोळे लाल झाले आणि हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मी गुंदहून जीप मागवली. तिला मोठ्या दवाखान्यात हलवायला हवं होतं, तेही लगेच.

पण वाडीच्या वाटेवर फांद्या तोडून आडव्या टाकलेल्या होत्या. मारी गावात असली की शीव बंद. आतलं माणूस बाहेर जायचं नाही, बाहेरचं आत यायचं नाही. जीप फांद्यांच्या पलीकडं उभी राहिली. मी बुधवंताला म्हटलं, "तुमची सून आहे. उशीर झाला तर हातची जाईल."

"अक्का, मला काय कळत न्हाई?" तो म्हणाला. "पन हिला घिऊन गेलीस तर मारी गाडीत बसून वाटंवरच्या चार गावांत जाईल. त्यांची पोरं मेली तर त्यांस्नी मी काय सांगू? माजी सून हुती म्हून सोडली, आसं सांगू?"

हा ताप माणसाचा माणसाला लागत नाही असं मी म्हटलं, पण ऐकणार कोण? साथीच्या माणसानं गावात फिरू नये हे मीच त्यांना वर्षानुवर्षं शिकवत आले होते.

अंगणात माणसं जमली होती. एकानं माझ्या शेजारी उभ्या असलेल्या हिच्याकडं बोट केलं. "ह्या पळप्या बाईनं घाण केली. हिला आदी भाईर काडा."

"बाहेर कशी काढणार?" ती म्हणाली. "शीव बंद आहे ना?"

माणूस आणखी चिडला. बुधवंतानं हात वर केला. म्हणाला, "ज्यानं आनली त्यानंच न्यायाची. चारी गावं वलांडून, कुटंबी न टेकवता, पान्यापतुर. तोंडातनं शब्द काडायचा न्हाई, मागं बगायचं न्हाई. नेलीस तर आमच्यात ऱ्हा. न्हाईतर शीव उगडली की तुजी पेटी उचल."

"किती लांब?"

"चौदा-पंदरा किलोमीटर. चालत गेलं तर अर्दा दिस."

"आणि शीव उघडणार कधी?"

"तू शिवेवर दिसलीस की त्या त्या गावचा ढोल वाजंल, बुट्टी पान्यात पडली की चौथ्या गावचा. एका गावानं ऐकून दुसऱ्यानं वाजवायचा. हितं चौथा ढोल आला की फांद्या काडू."

ती म्हणाली, "नेते." बुट्टी पुढं ओढली, आणि त्यातून एकेक वस्तू बाहेर काढून जमिनीवर ठेवायला लागली. पिशवी. बांगड्या. कंगवा. आरसा. खण.

"हे काय करतीस, बाय?"

"हे मी नदीत टाकणार नाही."

मला त्या क्षणी तिच्या कानाखाली दोन द्याव्यात असं वाटलं. आत सून तापानं फणफणत होती, बाहेर जीप उभी होती आणि ही बाई कंगव्यावरून अडून बसली होती. मी तिला म्हटलंसुद्धा, "एक दिवस टाक गं नदीत. एका कंगव्यानं काळी मरत नाही." ती माझ्याकडं बघून म्हणाली, "सिस्टर, प्रत्येक जण एकच कंगवा टाकतो."

मग वाटीवरून जुंपली. बुधवंताची बायको म्हणाली, हिनंच मारी घरात आणून सोडली. ही म्हणाली, "नाव होतं म्हणून आणली. नाव नसतं तर कुणाच्या दारात नेली असती?" तेवढ्यात पडवीत बसलेली बुधवंताची आत्या खो-खो हसायला लागली. तोंडात दात नव्हते, त्यामुळे हसणं जास्तच मोठं दिसत होतं. "आरं, मारीला पत्ता दिलासा तुमी! वडलांच्या नावासकट! आनि आता आली म्हून बोंबलतासा?"

आतून सुनेचा बारीक आवाज आला, "वाटी मीच घातली. हाताला दुसरं काय गावलं न्हाई."

आत्या भिंतीला धरून उठली. "आमच्या येळंला स्टील कुटलं हुतं? पानाच्या द्रोणात दिवा असायचा. आना पानं." म्हातारीनं बसल्या जागी द्रोण खोचला, वेल पिळून हिरव्या बांगड्या केल्या, आणि खणासाठी आपल्या जुन्या सुती लुगड्याचा कोपरा टर्रकन फाडून दिला. तांदूळ पानात बांधले. "आरशाचं काय?" बुधवंताच्या बायकोनं विचारलं. "पान्यात बगंल की तोंड," म्हातारी म्हणाली. हे सगळं दहा मिनिटांत झालं. तोपर्यंत मी सुनेला सलाईन लावून, डोलीत घालून वाटेवरच्या फांद्यांपर्यंत आणवलं होतं.

बुट्टी डोक्यावर ठेवणार तेवढ्यात बुधवंतानं तिच्या पायांकडं बघितलं. "बाय, मारीम्होरं चामडं चालत न्हाई."

"यात चामडं नाही. सगळं प्लास्टिकच आहे."

"बग म्हंजे," बुधवंत म्हणाला. "बुट्टीत नको म्हनतीस आनि पायात घालतीस."

तिनं वाकून बूट काढले आणि शिवेजवळच्या माझ्या उपकेंद्राच्या पायऱ्यांवर ठेवले. मी तिच्या पायांना, मांड्यांपर्यंत, माकडतापाचं तेल चोळलं. इतकं की ती म्हणाली, "घसरीन की हो." मग धातूपण नको असं बुधवंत म्हणाला म्हणून तिनं गळ्यातलं स्टॉपवॉच काढलं. ते कुठं ठेवावं हे तिला सुचेना. तिचे हात मोकळे नव्हते असं नाही, पण घड्याळ कधी काढून ठेवायची तिला सवय नव्हती. शेवटी तिनं ते माझ्या गळ्यात घातलं. चुंबळ केली, बुट्टी डोक्यावर घेतली, एका हातानं धरली, आणि शीव ओलांडून गेली.

मी घड्याळाचं बटण दाबलं. का दाबलं ते विचारू नका. नर्सच्या हातात घड्याळ आलं की ती वेळ बघते.

पहिला ढोल लवकर आला. आमच्या पुढच्या गावानं तिला शिवेवर बघितलं आणि वाजवला. लोक एकमेकांकडं बघायला लागले. कोणीतरी म्हणालं, "इतक्यात?" मी सुनेच्या हिरड्या पुसत होते. ती पुटपुटत होती, "माज्याच हातानं घातली." मी म्हटलं, "गप पड. बोललीस की रक्त येतं." दुसरा ढोल लांबून आला, मग जवळच्या गावानं तो उचलला. तिसरा अजून लांबून. तोपर्यंत सगळ्यांचा तिच्यावरचा राग बाजूला राहिला होता आणि माणसं शर्यत ऐकायला बसावीत तशी बसली होती. पुढं फक्त एक गाव आणि पाणी.

मग काहीच येईना.

दहा मिनिटं, पंधरा, वीस. सुनेचा रक्तदाब उतरायला लागला. मी दोनदा मोजला. सलाईनचा वेग वाढवला. बुधवंत फांद्यांजवळ उभा होता. एकदा त्यानं वरच्या फांदीला हात लावला आणि मागं घेतला. मला वाटतं आणखी पाच मिनिटं ढोल आला नसता तर त्यानं त्या काढल्या असत्या, आणि मग त्या वाडीत त्याला आयुष्यभर मान वर करता आली नसती.

ढोल आला. आधी इतका बारीक की मला वाटलं कानाचा भास. मग तिसऱ्या गावानं उचलला, मग दुसऱ्यानं, मग पहिल्यानं दणकून. मी बटण दाबलं. बुधवंतानं स्वतःच्या हातांनी फांद्या ओढल्या. आम्ही डोली जीपमध्ये घातली आणि निघालो.

सून बारा दिवसांनी घरी आली. तपासणीत माकडतापच निघाला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला विचारलं, आणायला इतका वेळ का लावला? मी म्हटलं, वाट बंद होती.

बुट्टी गेली त्या दिवशी मी संध्याकाळी परतले तेव्हा ती माझ्या पायऱ्यांवर, बुटांशेजारी बसली होती. परत येताना ती चालत आली होती. तिच्या पायांतून मी अर्धा तास काटे काढले. गोचीड एकही नव्हता. तिचा पहिला प्रश्न होता, "सून पोचली?"

"पोचली. रक्त चढवलंय."

"बुट्टी तरंगली थोडा वेळ. मग गेली."

"तिसऱ्या शिवेनंतर काय झालं? आम्ही मेलो इथं."

"वाटेत गवा होता." ती पायाकडं बघत म्हणाली. "हाकलायला ओरडावं तर बोलायचं नाही. मागं जावं तर वळायचं नाही. बुट्टी टेकवायची नाही. मग उभी राहिले. तो पण उभा राहिला."

"किती वेळ?"

"घड्याळ तुमच्याकडं होतं."

मी गळ्यातलं घड्याळ काढून दिलं. आकडा अजून त्यावर होता. तिनं बघितलं नाही. बटण दाबून शून्य केलं आणि गळ्यात घातलं. तोपर्यंत मी तो माझ्या रजिस्टरच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतला होता. तिनं त्याबद्दल कधी विचारलं नाही, मीपण सांगितलं नाही. आमच्यात बोलायला इतर विषय पुष्कळ होते.

ती वाडीतच राहिली. लोक बदलले वगैरे मी म्हणणार नाही. धबधब्याखाली अजून बाटल्या पडतात, आणि बुधवंताच्या बायकोनं तिच्याशी बोलायला वर्ष घेतलं. पण दोन वर्षांनी पुन्हा बुट्टी काढायची वेळ आली तेव्हा बायका ती आधी तिच्या दारात घेऊन गेल्या. "बग गं बाय, नाव न्हाई न्हवं कशावर?" तिनं बुट्टी उलटीपालटी करून बघितली, तांदळाच्या पुडीचं प्लास्टिक काढून घेतलं आणि बाकी पास केली. जुनी स्टीलची वाटी कोणी घरात घेईना, म्हणून ती माझ्याकडं आली. उकळून घेतली. आता त्यात मी कापसाचे बोळे ठेवते. तपासणीला आलेला माणूस वाटीवरचं नाव वाचतो आणि विचारतो. मी म्हणते, देणगी.

त्याच वर्षी तिच्या आईला बेळगावात पक्षाघात झाला. भाऊ परदेशात. ती जायला निघाली. सामान एक पेटी आणि बूट. बुजगावणं तसंच ठेवलं, कोटासकट. मी तिला बसला सोडायला फाट्यावर गेले. तिथल्या अंगडीवाल्यानं, म्हणजे टपरीवाल्यानं, दोन चहा दिले. बस नेहमीप्रमाणं आली नव्हती आणि तिचं घड्याळ चालू होतं. मला वाटलं, आता नाही सांगितलं तर राहून जाईल.

"त्या दिवशी मी वेळ लावली होती."

"कुठल्या दिवशी?" तिला कुठल्या ते माहीत होतं.

"एक तास एकेचाळीस मिनिटं. ढोल पोचायला लागलेला वेळ धरून. गव्यासकट."

तिनं चहा संपवला. ग्लास ठेवला. "उतार आहे तिकडं," ती म्हणाली. "उताराची वेळ धरत नाहीत."

"बरं."

बस आली. तिनं बटण दाबलं, "तेवीस मिनिटं उशीर," असं ड्रायव्हरला ऐकू जाईल इतपत म्हणाली आणि चढली. मी पेटी आत दिली. दार लागलं, बस हलली, आणि वळणाजवळ पोचता पोचता खिडकीतून तिचं डोकं बाहेर आलं.

"किती म्हणालात?"

गाडीच्या आवाजात माझं ओरडणं पोचलं नसतं. मी हात वर करून बोटांनी दाखवलं. एक. चार. एक.

"कुनाला काय खुना करतासा अक्का?" अंगडीवाल्यानं विचारलं.

"काही नाही. तिचं राहिलं होतं," मी म्हटलं, आणि उपकेंद्राकडं वळले. त्या दिवशी लसीकरण होतं, बायका येऊन बसल्या असतील.